जोडचित्र आणि साक्ष

दोन सारख्या छायाचित्रांतील निवडक भाग एकत्र करून तिसरे चित्र सिद्ध करण्याची विद्या आता घरोघरी पोहोचली आहे. एका समूहचित्रात आजोबांचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात नातवाने मान फिरवलेली. संगणकावर एकाचा थर दुसऱ्यावर ठेवून, कडा जुळवून, नको तेवढा भाग झाकला की दोघेही नीट दिसतात. यात कोणाची फसवणूक नाही. युक्तीही जुनीच आहे. ऑस्कर रायलँडर याने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र छापले होते. तेव्हा या विद्येस सरसकट दोष देणे आम्हांस मान्य नाही.

परंतु तीच युक्ती अजिंठ्याच्या भिंतींना लावावयाची म्हटली म्हणजे प्रश्न गंभीर होतो. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात या भित्तिचित्रांची छायाचित्रे चार भागांत प्रसिद्ध केली. आजच्या छायाचित्रात जो भाग झडलेला दिसेल, तो जुन्यातून उचलून बसवावा, हा मोह स्वाभाविक आहे. मात्र दोन छायाचित्रांचा कोन आणि प्रकाश एक नसतो. जोड बसविण्यासाठी कोठे रेषा ताणावी लागते, कोठे छटा बदलावी लागते. जुने चित्र एकरंगी असल्यास रंग अंदाजानेच भरावा लागतो. जे तयार होते ते मनोहर असेल, पण तसे दृश्य त्या भिंतीवर कोणत्याही एका दिवशी नव्हते. शिवाय, चित्र कागदावर अखंड दिसू लागले की भिंतीवरील हानीची हाकाटी कोण करणार?

शुद्ध हेतूनेही मूळ वस्तू झाकली जाते, याचा धडा अजिंठ्यानेच दिला आहे. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने आणविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या रक्षणार्थ त्यांवर लाखेचे रोगण चढविले. ते पुढे पिवळे पडले आणि ते उतरविण्यात पुरातत्त्व खात्याची अनेक वर्षे खर्ची पडली. रॉबर्ट गिल याने कष्टाने काढलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत भस्मसात झाल्या. अशा स्थितीत जुनी छायाचित्रे ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती साक्ष आहे, आणि साक्षीत खाडाखोड चालत नाही.

आमची मागणी माफक आहे. जोडचित्र करावे, परंतु दोन्ही मूळ छायाचित्रे अबाधित जपावीत. जोड कोठे आहे हे रेषेने दाखवावे. आणि प्रत्येक भाग कोणत्या सालचा, हे चित्राखालीच छापावे. हा नियम पुरातत्त्व खात्यास, संग्रहालयांस आणि पाठ्यपुस्तकांस जितका लागू आहे, तितकाच आम्हां वृत्तपत्रांसही आहे. घरच्या भिंतीवरील चित्र मनाजोगते असावे. इतिहासाच्या दप्तरातील चित्र मात्र जसे होते तसेच राहिले पाहिजे.