सांध्यातील सुईची तारीख

गुडघा दुखतो म्हणून भाताची लावणी थांबत नाही. डहाणू आणि तलासरी तालुक्यांत शेतात किंवा चिकूच्या वाडीत राबणाऱ्यांना वाकणे, उकिडवे बसणे, ओझे उचलणे चुकत नाही. अशा वेळी सांध्यात दिलेले स्टिरॉइडचे इंजेक्शन मोठा आधार वाटते. सूज उतरते, काही आठवडे वेदना कमी होतात. योग्य निदानानंतर, जंतुविरहित पद्धतीने दिलेले हे औषध उपयुक्तच आहे. प्रश्न उभा राहतो तो लगेच त्याच सांध्यावर शस्त्रक्रिया झाली तर.

स्टिरॉइड सूज कमी करते ते शरीराच्या प्रतिकारशक्तीला लगाम घालून. त्याच काळात सांधा उघडला, तर आत शिरलेल्या जंतूंना अटकाव कमी होतो. कृत्रिम सांधा बसवण्यापूर्वीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन घेतलेल्यांमध्ये जंतुसंसर्ग अधिक आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. अमेरिकेतील ज्येष्ठ रुग्णांमध्ये गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेदरम्यानच स्टिरॉइड दिल्यावरही हे प्रमाण वाढलेले दिसले. असा संसर्ग क्वचितच होतो. पण झाला तर जंतूंचा थर कृत्रिम सांध्यावर चिकटतो, नुसती प्रतिजैविके पुरत नाहीत आणि कधी बसवलेला सांधाच काढावा लागतो. मधुमेहींमध्ये धोका आणखी वाढतो, कारण स्टिरॉइडने काही दिवस रक्तातील साखरही चढते.

या भागातली खरी अडचण अंतराची आहे. इंजेक्शन गावाजवळ घेतले जाते. शस्त्रक्रियेसाठी मात्र वापी, वलसाड, सिल्वासा किंवा मुंबई गाठावी लागते. दोन्ही डॉक्टरांची गाठ पडत नाही आणि रुग्णाला ‘सुई मारली’ एवढेच आठवते.

उपाय खर्चिक नाही. इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरने औषधाचे नाव, सांधा आणि तारीख केसपेपरवर लिहून तो रुग्णाच्या हाती द्यावा. शस्त्रक्रियेची तारीख देण्यापूर्वी शल्यचिकित्सकाने तो मागावा. आशा सेविकांनीही ही चौकशी करावी. जुलैत लावणीच्या वेळी सुई घेतली असेल, तर सांधा बदलण्याचा विचार दिवाळीच्या सुमारास करता येतो. तेवढी वाट पाहणे बहुतेकांना शक्य असते.

शस्त्रक्रियेनंतर ताप, वाढती सूज, लाली किंवा जखमेतून पू दिसला, तर घरगुती लेप लावत दिवस काढू नयेत. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.