लस, संमती आणि मातृत्वाची चिंता

जुलै २००९ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि त्यापाठोपाठ गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस मुलींना टोचण्यास प्रारंभ झाला. ‘पाथ’ ही अमेरिकी संस्था, गेट्स फाउंडेशनचा निधी आणि विदेशी कंपन्यांची लस असा तो मेळ होता. सात मुलींच्या मृत्यूंचे वृत्त येताच एप्रिल २०१० मध्ये केंद्र सरकारने प्रकल्प थांबविला.

चौकशीत या मृत्यूंचा लशीशी संबंध दिसला नाही; सर्पदंश, बुडणे, हिवताप अशी कारणे पुढे आली. मात्र दुसरे सत्य अधिक लाजिरवाणे होते. वसतिगृहात राहणाऱ्या वनवासी मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ च्या अहवालात यावर कठोर ताशेरे ओढले. गरिबाची लेक ही कोणाच्याही प्रयोगाची सामग्री नव्हे, हे त्या अहवालाचे सार होय.

परंतु या न्याय्य संतापाच्या आडून एक अन्याय्य भीतीही घराघरांत शिरली : लशीमुळे मुलींना वंध्यत्व येते! या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याचे जनुकीय द्रव्यही नसते. असते ते केवळ बाह्य कवचातील प्रथिन. शरीराची प्रतिकारयंत्रणा ते ओळखून प्रतिपिंडे सिद्ध करते. दंड दुखणे, ताप, क्वचित भोवळ हे त्रास संभवतात. डेन्मार्कमध्ये सुमारे दहा लाख मुली व तरुणींच्या नोंदी तपासल्या असता बीजांडकोश अकाली निकामी होण्याशी लशीचा संबंध आढळला नाही. उलट गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया व किरणोपचारच अनेकींचे मातृत्व हिरावून घेतात. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग जडतो आणि पाऊण लाखाहून अधिक दगावतात.

२०१० च्या त्या स्थगितीने आणखी एक अभ्यास अर्धवट राहिला. त्यात पुणे व बार्शी ही केंद्रेही होती. अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली. भारतीय वैद्यांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही आणि एक मात्राही दीर्घकाळ संरक्षण देते, हे जगाला दाखवून दिले. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ ही स्वदेशी लस २०२२ मध्ये मान्यता पावली.

तथापि, केवळ स्वदेशी म्हणून लस निर्दोष ठरत नाही आणि केवळ विदेशी म्हणून ती विषारी ठरत नाही. दोहोंना कसोटी एकच हवी : पालकांची समजून-उमजून दिलेली संमती, दुष्परिणामांची प्रामाणिक नोंद आणि तिचे जाहीर प्रकटीकरण. शासनाने हे पाळावे. कार्यकर्त्यांनी वस्तीत जाऊन मातांच्या शंका धीराने ऐकाव्यात, त्यांची वैद्यांशी गाठ घालून द्यावी आणि अफवेला थारा देऊ नये. खम्ममच्या मुलींवरील अन्यायाचे परिमार्जन दुसऱ्या मुलींना रोगाच्या स्वाधीन करून होणार नाही.