तांड्याचा नाईक आणि कायद्याचे राज्य

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव हे पोलिस ठाण्याचे गाव. परिसरातल्या एखाद्या तांड्यावर बांधाचा वाद निघाला, सगाई मोडली किंवा उसनवारीवरून हातघाई झाली, की कागदोपत्री वाट या ठाण्याकडे जाते. बंजारा समाजात मात्र त्या वाटेवर आधी एक ओसरी लागायची. ती नाईकाची. तेथे बोलून प्रकरण मिटले तर फिर्याद होत नसे. न मिटले तर दोन घरांचे वैर पिढीजात व्हायचे. तांड्याच्या आठवणीत नाईक दोन्ही कारणांनी राहिला आहे. त्याच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या जातात आणि त्याने धरलेल्या दाव्याच्याही.

हा नाईक सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा चर्चेत आला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदी ग्राह्य धरणारा शासन निर्णय काढला आणि त्याच नोंदींचा आधार घेत बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी नव्या जोमाने पुढे आणली. मराठवाड्यात ठिकठिकाणी मोर्चे निघाले. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जातींच्या ‘अ’ गटात असून त्या गटाला तीन टक्के आरक्षण आहे. शेजारच्या तेलंगणात हेच लोक अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत मोडतात. एकाच निजामी राज्यात राहिलेल्या एकाच समाजाचे राज्य पुनर्रचनेनंतर तीन वेगवेगळे दर्जे झाले, ही तक्रार निराधार म्हणता येणार नाही.

अनुसूचित जमात ठरविण्यासाठी १९६५ च्या लोकूर समितीचे निकष आजही वापरले जातात आणि वेगळी, स्वतंत्र संस्कृती हा त्यातला एक प्रमुख निकष आहे. बंजारा समाजाकडे त्याचा पुरावा भरपूर आहे. स्वतःची गोरमाटी बोली आहे, पेहराव आहे आणि तांड्याची स्वतंत्र न्यायव्यवस्था आहे. पेच इथेच सुरू होतो. दोन दशके सरकार आणि सुधारक मिळून ज्या न्यायव्यवस्थेचे दात काढत आले, तीच आता वेगळेपणाचा दाखला म्हणून मांडायची वेळ आली आहे.

ही व्यवस्था मुळात साधी नाही. तांड्याचा प्रमुख तो नाईक आणि त्याचा उजवा हात तो कारभारी. त्यांच्यासोबत हसाबी, नसाबी आणि डायसाणे म्हणजे जाणती, शहाणी माणसे बसतात. ही बैठक म्हणजे ‘नसाब’. अनेक तांड्यांना नाईकाचेच नाव असते, यावरून त्या पदाचे वजन कळते. राज्याचे माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे मूळ कूळ राठोड. पुसद तालुक्यातील गहुली तांड्याची नाईकी त्यांच्या घरात होती आणि पदाचे नावच आडनाव झाले. १९६३ ते १९७५ अशी सलग कारकीर्द केलेल्या या नेत्याचा संयम आणि सर्वांना बरोबर घेण्याची हातोटी यांचे मूळ राजकीय निरीक्षक अनेक ठिकाणी शोधतात. ते तांड्याच्या बैठकीत शोधायलाही हरकत नाही.

नाईकाला एवढा अधिकार का मिळाला, याचे उत्तर लदेणीत आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोसांचा प्रवास करणाऱ्या तांड्याला वाटेत ना पाटील होता, ना काझी. चाऱ्यापाण्यावरून गावकऱ्यांशी होणारे तंटे, इतर तांड्यांशी होणाऱ्या चकमकी आणि फौजेच्या सरदारांशी करायचे व्यवहार हे सारे एकाच माणसाने निभवायचे. वऱ्हाडच्या पोलिस दलातील अधिकारी कंबरलेज यांनी १८६९ च्या सुमारास लिहिलेले आणि १८८२ मध्ये पुन्हा छापले गेलेले टिपण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. शहाजहानचा वजीर आसफ खान याच्या दख्खन मोहिमेत भंगी आणि जंगी या राठोड नाईकांकडे एक लाख ऐंशी हजार बैल होते, असे ते सांगते. आकडा दंतकथेचा वाटतो, पण फौजेचे पोट या बैलांवर होते याबद्दल दुमत नाही. म्हणूनच वजिराने त्यांना सोन्याच्या अक्षरांचा ताम्रपट दिल्याची कथा आहे. घराच्या छपरावरचे गवत घ्या, रांजणातले पाणी घ्या, दिवसाला तीन खूनही माफ. अट एकच, फौजेचे घोडे जिथे असतील तिथे तुमचे बैल पोहोचले पाहिजेत. ज्या राज्याला नाईकाची गरज होती, त्याने कायद्याचा काही भाग त्याच्या पदरात टाकला, असा या कथेचा अर्थ.

त्याच टिपणानुसार भगवानदास हा वडतिया कुळाचा नाईक याच मोहिमेत बावन्न हजार बैल घेऊन होता. राठोडांना मिळालेला मान वडतियांना खुपला, वैर जुंपले आणि त्यात माणसे मारली गेली. शहाणपणासाठी गौरवलेले नाईक वैरातही पुढेच होते. दोन्हींचा उगम एकच आहे. ज्याचा शब्द शंभर घरे मानतात, तो माणूस भांडण थांबवूही शकतो आणि पेटवूही शकतो. भंगी नाईकाच्या वारसांना पुढे निजामाच्या दरबारी मान्यता होती, हेही कंबरलेज यांनी नोंदवले आहे. गोरेगावचा परिसर तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता आणि पलीकडचे वाशीम इंग्रजांच्या अमलाखालील वऱ्हाडात. म्हणजे सीमेच्या एका बाजूला नाईकाला खिलत मिळत होती आणि दुसऱ्या बाजूला पोलिस अधिकारी त्याच्या कुळाची टिपणे काढत होता.

रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या, तसा बैलांचा व्यापार बसला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा टप्प्याटप्प्याने देशभर विस्तारला आणि बंजारांच्या काही गटांवरही तो शिक्का बसला. तो पुसला गेला १९५२ मध्ये. मधल्या काळात पोलिस ठाणे हे न्याय मागण्याचे ठिकाण आहे, असे तांड्याला वाटण्याचे काहीच कारण नव्हते. घरातले भांडण घरात मिटवावे, या म्हणण्यामागे परंपरेचा अभिमान जितका आहे, तितकीच ही भीतीही आहे. शहरात बसून जातपंचायतींवर टीका करताना हा भाग सहसा सुटतो.

तरीही टीकेची धार बोथट करण्याचे कारण नाही. नाईकाचा निवाडा मानला जाई, कारण न मानणाऱ्याला तांडा वाळीत टाकू शकत असे. दंड भरणे, समाजाला जेवण घालणे ही शिक्षा सौम्य वाटते. पण तिच्यामागे पाणी तोडण्याची, मुलामुलींची लग्ने अडविण्याची, मयताला खांदा न देण्याची धमकी उभी असे. बहुतेक सर्व जातपंचायतींचे बळ हेच होते. नाशिकमध्ये २०१३ साली जातीबाहेर लग्न केलेल्या गर्भवती मुलीचा तिच्याच पित्याने खून केल्याचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी हाती घेतलेल्या अखेरच्या कामांपैकी हे एक. प्रकरण वेगळ्या समाजाचे होते; प्रश्न सर्वांचा होता.

याआधीही कायद्याचा प्रयत्न झाला होता. बहिष्कृत करण्यास मनाई करणारा मुंबई राज्याचा १९४९ चा कायदा दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरविला. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ वाळीत टाकलेल्या माणसाला थेट दाद मागता येईल असा स्वतंत्र कायदा राज्यात नव्हता. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक विधेयक विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये मंजूर केले आणि राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर जुलै २०१७ मध्ये ते अमलात आले. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. नाईकाच्या हातातले शेवटचे शस्त्र अशा रीतीने काढून घेतले गेले, आणि ते योग्यच झाले. पण शस्त्र काढल्यावर निवाडा कोण करणार?

याचे उत्तर सरकारने आधीच दिले होते, असे कोणी म्हणेल. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या झाल्या, अध्यक्ष निवडले गेले, तंटामुक्त ठरलेल्या गावांना बक्षिसे मिळाली. कल्पना उत्तम होती. मात्र तंटामुक्ती अध्यक्षपदावरूनच गावात तंटा व्हायचा, हा विनोद मराठवाड्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. शिवाय समिती गावची. तांडा गावापासून दोन-तीन किलोमीटरवर असला, की समितीच्या बैठकीचा निरोप तेथवर पोहोचतोच असे नाही. ग्राम न्यायालयांचा केंद्रीय कायदा २ ऑक्टोबर २००९ पासून लागू आहे. त्याचाही प्रसार रखडला. राज्याच्या कनिष्ठ न्यायालयांत पन्नास लाखांहून अधिक खटले पडून आहेत. बांधाच्या दोन फुटांसाठी त्या रांगेत उभे राहणाऱ्याचे भांडण त्याच्या नातवाच्या वाट्याला येते.

हाच प्रश्न फार दूरच्या एका देशाने वेगळ्या प्रकारे सोडवून पाहिला. सोमालियातील टोळ्यांचे पारंपरिक प्रमुख ‘गराद’, ‘सुलदान’, ‘उगास’ अशा पदव्यांनी ओळखले जातात. खुनाच्या बदल्यात खून टाळण्यासाठी मारलेल्या पुरुषामागे शंभर उंटांची भरपाई, असा तेथील रूढ कायदा. स्त्रीच्या जिवाची किंमत निम्मी. रूढीच्या न्यायाची मर्यादा तेथेही तीच. एकोणिसाव्या शतकातील विल वाल ऊर्फ गराद फराह हा त्यांच्या लोककथांचा नायक. माणसांना जोडणारा किंवा तोडणारा मेंढीचा अवयव घेऊन या, असे त्याने प्रजेला फर्मावले. सगळ्यांनी उत्तम मांस आणले. एका गरिबाने मुलीचा सल्ला ऐकून नरडे आणले. जे काही ते अन्न, ते नरड्यातूनच पोटात जाते. वाटून खाल्ले तर सोयरे, हिसकावले तर वैरी. गरादला ते उत्तर पटले, असे कथा सांगते.

राजवट कोसळल्यावर सोमालियाच्या उत्तरेकडील सोमालीलँडमध्ये याच ज्येष्ठांनी १९९३ मध्ये बोरामा येथे काही महिने बैठक चालवून टोळीयुद्ध थांबवले. बंदुका हाती असलेल्यांना झाडाखाली बसलेल्या म्हाताऱ्यांनी गप्प केले, हे आफ्रिकेच्या अलीकडच्या इतिहासातले विरळा उदाहरण. पुढे त्या ज्येष्ठांचे ८२ सदस्यांचे वरिष्ठ सभागृह झाले. त्याची निवडणूक कधीच झाली नाही. मुदत मात्र वेळोवेळी वाढत गेली. २०२२ मध्ये या सभागृहाने राष्ट्राध्यक्षांना दोन आणि स्वतःला पाच वर्षे वाढवून दिली. तंटा सोडविणारे सरकारी पगारावर आले आणि तंट्याचा एक पक्ष बनले.

तांड्याच्या नाईकाला अद्याप कोणी सभागृहात बसवलेले नाही. त्याची सत्ता दुसरीकडे सरकली आहे. दिवाळी सरली की मराठवाड्यातल्या अनेक तांड्यांवर म्हातारी माणसे आणि शाळकरी मुलेच उरतात. बाकीचे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. उचल देतो मुकादम, गाडी ठरवतो मुकादम, फडात कोयत्याचा हिशेबही तोच ठेवतो. उचलीचे पैसे फिटले नाहीत म्हणून होणाऱ्या भांडणात नसाब बसत नाही. नाईकाला तांड्याचे मत जपावे लागे. मुकादमाला ती गरज नाही. त्याच्या हाती वही असते. शेती तोट्यात आणि कर्ज अंगावर असलेल्या या भागात त्या वहीला किती वजन आहे, हे वेगळे सांगायला नको. २०२३ मध्ये गोरेगावच्याच काही शेतकऱ्यांनी पीककर्ज फेडण्यासाठी स्वतःचे अवयव विकायची तयारी मुख्यमंत्र्यांना पत्राने कळवली होती. अशा गावांजवळच्या तांड्यांतून माणसे उचल घेऊन बाहेर पडतात.

आता पुन्हा आरक्षणाच्या मागणीकडे. अनुसूचित जमातींच्या यादीत बदल करण्याचा अधिकार घटनेच्या ३४२ व्या कलमानुसार संसदेचा आहे, राज्याचा नाही. आदिवासी संघटनांचा या मागणीला विरोध असून त्यांचेही मोर्चे निघाले आहेत. हिंगोली जिल्ह्यात हा विरोध कागदावरचा नाही. कळमनुरी आणि औंढा नागनाथ तालुक्यांत आंध आदिवासींची गावे आणि बंजारांचे तांडे एकाच माळावर नांदतात. विहीर, बाजार, शाळा सामाईक आहेत. मोर्चांच्या भाषणांतून रोज एकमेकांना ‘घुसखोर’ आणि ‘अडवणूक करणारे’ ठरवले जात असताना उद्या बांधावर ठिणगी पडली, तर ती विझवायला ठाण्याचा जमादार पुरणार नाही.

१९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना तंटे सोडविण्याची आपली रूढ पद्धत जपण्याचा अधिकार दिला. हिंगोली अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे जमातीचा दर्जा मिळाला तरी नसाबला त्या कायद्याचे छत्र आपोआप मिळणार नाही आणि बहिष्कार कायदा तर लागूच राहील. वाळीत टाकण्याच्या अधिकाराशिवायचा नाईक कसा असेल, याचा विचार समाजाला आरक्षण मिळो वा न मिळो, करावाच लागेल. काही प्रश्न तर अगदी हाताशी आहेत. नसाबचा निवाडा लिहून ठेवायचा का? तो मान्य नसलेल्याला दंडाशिवाय उठून न्यायालयात जाता येईल का? आणि जिच्या सगाईचा, काडीमोडाचा निकाल लागायचा आहे, ती स्त्री बैठकीत बसणार की दाराआडून ऐकणार?