स्वमग्न मूल, शाळा आणि एक वही

“तुमचा मुलगा उगाच किंचाळतो, घरी शिस्त लावा.” आमच्या वस्तीतल्या एका आईला शाळेतून हा निरोप तीनदा आला. मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलतो थोडेच. आई चार घरची धुणीभांडी करते. वस्तीतले पोर, घरचे लक्ष देत नाहीत, असे शाळेने ठरवून टाकलेले. इकडे शेजारपाजारचे सांगतात, नजर लागली, अंगारा लावा. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरांतही हे चालते, ते झाकून उपयोग नाही. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. इथे मुलाकडे नीट पाहिलेलेच कुणी नव्हते.

त्याच शाळेत सातवीत असलेल्या बहिणीने एक वही घातली. तीन रकाने: किंचाळण्याआधी काय घडले, त्याने काय केले, नंतर मोठ्यांनी काय केले. शेजारी वेळ. वर्गातले ती बाईंना विचारून लिहायची. दहा दिवसांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या आठ खिचडीच्या सुट्टीतल्या, ताटांचा खणखणाट सुरू झाल्यावरच्या! बाईंनी त्याला पाच मिनिटे आधी, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जेवायला बसवले. पुढच्या दहा दिवसांत नोंदी झाल्या तीन.

शिकवतानाही अशीच वही लागते. हात धुणे घ्या. नळ सोडणे, हात ओले करणे, साबण लावणे, चोळणे, धुणे, नळ बंद करणे, पुसणे. प्रत्येक पायरीपुढे रोज लिहायचे: स्वतःहून केले, खुणेने केले, की हात धरून करवून घेतले. दोन आठवडे एखादी पायरी अडूनच राहिली तर ती आणखी लहान करायची, चित्र दाखवायचे किंवा वेळ बदलून पाहायची. मला ही रीत पटते ती यासाठी, की अडलेल्या पायरीचा जाब शिकवणाऱ्याला द्यावा लागतो, मुलाला नव्हे. ‘यांच्या डोक्यात शिरतच नाही’ हे आपल्या लेकरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकले आहे.

मात्र काय मोजायचे याचे भान हवे. मूल हात फडफडवते, नजरेला नजर देत नाही, म्हणून ते मोजून मोडायला जाऊ नका. त्याने कुणाचे काही बिघडत नाही आणि बरेचदा मूल त्यातून स्वतःला सावरत असते. तहान लागली हे सांगता येते का, कुठे दुखते ते दाखवता येते का, हे मोजा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर देखरेख ठेवण्याची तरतूद याच कायद्याच्या कलम १६ मध्ये आहे. म्हणजे नोंद मागणे ही मेहेरबानी मागणे नव्हे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या बैठकीत विचारा: आमच्या मुलाला या महिन्यात काय शिकवले, किती जमले, जमले नाही तिथे काय बदलले? वही दाखवा.

ती आई पुढच्या बैठकीला वही घेऊन जाणार आहे. विहारातल्या दोन-चार जणींनी तिच्यासोबत जावे.