सरासरीच्या आड दडलेले दारिद्र्य

दारिद्र्य कोणत्या एककात मोजावे, हा प्रश्न तांत्रिक नसून राजकीय आहे. वि. म. दांडेकर समितीने 1984 साली जिल्हा हे एकक धरून राज्याच्या सरासरीशी तुलना केली आणि सुमारे 3,186 कोटी रुपयांचा अनुशेष दाखवून दिला. ते कार्य मोलाचेच. परंतु जिल्ह्याची सरासरी जिल्ह्यातलीच विषमता झाकते. भद्रावतीचा कोळसा आणि चंद्रपूरची वीज जिल्ह्याच्या उत्पन्नात जमा होतात, नफा बाहेर जातो, आणि जिवतीच्या डोंगरातला कोलाम कागदोपत्री सधन ठरतो! 1982 साली गडचिरोली वेगळा झाला, तेव्हा आकडे बदलले. भूक होती तेथेच राहिली.

अवकाशीय संख्याशास्त्र नेमके हेच विचारते : गरीब गावाच्या शेजारचे गावही गरीबच आहे काय? दारिद्र्याचे असे सलग पट्टे आढळले, तर कारण माणसांच्या आळसात नव्हे, त्या मुलखाच्या सिंचनात, रस्त्यांत, जमिनीच्या मालकीत आणि वनहक्कांत शोधावे लागते. असा नकाशा सत्ताधाऱ्यांना अडचणीचा वाटतो, तो यासाठीच.

आकडेमोड हा प्राध्यापकी चाळा आहे, असे म्हणणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. मोर्चाची मागणी स्पष्ट हवी : गावनिहाय आकडे जाहीर करा, आणि निधीची वाटणी जिल्ह्याच्या नव्हे, त्या आकड्यांच्या आधारे करा.