घर, वाडी आणि हात

श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनासाठी आगाशीला येणाऱ्या मुंबईकर कुटुंबांचा दिवस ठरलेला असतो. विरारहून रिक्षा किंवा बस, मंदिरात पूजा, भोजनशाळेत जेवण, आणि परतताना सुकेळ्यांचे एखादे पुडके. वाटेतली जुनी घरे फार थोड्यांच्या नजरेस पडतात. कौलारू छप्पर, समोर ओटी, मागे केळी, नारळ, सोनचाफा, पानवेली, आणि या सगळ्याला पाणी पुरवणारे बावखल. वसईच्या परिसरात अशा घराला वाडीपासून वेगळे काढता येत नाही. घराने वाडी राखायची आणि वाडीने घराला पोसायचे, असा दोघांचा जुना व्यवहार.

हे गाव काही कालपरवाचे नाही. सोळाव्या शतकात येथे इमारती लाकडाचा व्यापार आणि जहाजबांधणी चालत असे. १५३० आणि १५३१ असे लागोपाठ दोनदा पोर्तुगीजांनी आगाशी लुटली. लुटण्याजोगे काही असल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा येत नाही. भवानीशंकराचे मंदिर १६९१ सालचे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्येही येथल्या वाळवलेल्या केळ्यांची दखल घेतलेली आहे. राजेळी केळे पिकवावे, सोलावे आणि उन्हात दिवसेंदिवस उलटपालट करीत वाळवावे, एवढीच त्याची कृती. परंतु ते करायला माणूस घरात असावा लागतो.

आज प्रश्न नेमका त्या माणसाचा आहे. अशा घराच्या सातबाऱ्यावर दहा-पंधरा वारसांची नावे असतात. एक बोरिवलीला, दोघे पुण्याला, एक परदेशी. दिवाळीत सारे जमतात, ओटीवर छायाचित्रे निघतात, गळक्या कौलांवर चर्चा होते आणि किल्ली पुन्हा शेजारच्या काकांकडे जाते. पैशाची ददात असते असे नाही. त्याच कुटुंबातील लोक प्रतिष्ठेच्या बोलीत हात आखडत नाहीत. मग घर का पडते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आगाशीहून थेट भायखळ्याला जावे लागते, आणि त्या वाटेवर एक ओळखीचे नाव भेटते.

शेठ मोतीशा (१७८२–१८३६). आगाशीच्या मंदिराच्या आणि सोपाऱ्याच्या तळ्यातून मिळालेल्या मूर्तीच्या परंपरागत कथेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. चीनपर्यंत जहाजे धाडणाऱ्या या व्यापाऱ्याने शत्रुंजयावरील टूंकेसाठी खोल दरी भरून काढली, हे प्रसिद्धच आहे. भायखळ्याला आपल्या वाडीत त्यांनी विक्रम संवत १८८५ मध्ये आदीश्वराचे मंदिर बांधले. कार्तिकी आणि चैत्री पौर्णिमेला ज्यांना पालिताण्याला जाणे जमत नाही असे मुंबईकर आजही तेथे रांग लावतात. वाडी राहिली ती मंदिरामुळे. त्याच भागातील प्रेमचंद रायचंदांचा ‘प्रेमोद्यान’ बंगला त्यांच्या भरभराटीच्या काळात शहरात गाजलेला. पुढे तो एका मिशनरी संस्थेकडे गेला आणि शाळेच्या आवारात टिकून राहिला. म्हणजे एका धनिकाची वाडी देवाने राखली, दुसऱ्याचे घर विद्यार्थिनींनी. वारसांनी राखलेले असे तिसरे उदाहरण त्या परिसरात सहज सापडत नाही.

मोतीशांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र मंदिरांइतकी सांगितली जात नाही. १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह त्यांनी मुंबईची पांजरापोळ उभी केली. जागा आणि देणगी देऊन ते थांबले नाहीत. व्यापाऱ्यांनी आपापल्या मालाच्या उलाढालीवर स्वेच्छेने ‘लागा’ द्यायचा, असे ठरले. जनावर रोज खाते, म्हणून उत्पन्नही रोजचे हवे, हा त्यामागचा साधा हिशेब. आजच्या देणगीदाराला इमारतीवर नावाची पाटी हवी असते. कौले शाकारण्याच्या खर्चावर पाटी लावता येत नाही, हीच खरी अडचण आहे.

मोतीशा गल्लीपासून थोड्याच अंतरावर राणीची बाग आहे. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची शिवडीतील जागा दफनभूमीसाठी गेली, येथे नवे उद्यान आखले गेले आणि १८६२ मध्ये लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ते खुले झाले. त्याच आवारात १८७२ मध्ये संग्रहालय उघडले. डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांनी त्यासाठी खपून वर्गणी जमवली होती; १९७५ पासून भाऊ दाजींचेच नाव त्या वास्तूला आहे. एक ऐतिहासिक वास्तू आणि तिच्याभोवतीची बाग. दोन्हींवर मालकी महापालिकेची, दोन्ही एकाच फाटकाच्या आत. पण दोघी वाचल्या त्या अगदी निराळ्या रीतीने.

वास्तू वाचली ती करारामुळे. २००३ मध्ये महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इन्टॅक यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. एकाची मालकी, दुसऱ्याचा पैसा, तिसऱ्याचे ज्ञान. ओल धरलेल्या भिंती, रंगांच्या थरांखाली झाकलेली नक्षी आणि गंजलेले लोखंड हे सारे दुरुस्त होऊन २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडले. त्याआधीच, २००५ मध्ये, युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातील सर्वोच्च वारसा पुरस्कार या कामाला मिळाला होता. व्यापारी घराण्याच्या न्यासाने केलेले हे काम नमुनेदार आहे.

बागेची कथा वेगळी. २००७ च्या सुमारास तेथील प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय दर्जाचे करण्याची मोठी योजना पुढे आली. शेकडो कोटींचा आराखडा, परदेशी सल्लागार. त्यात जुन्या झाडांचे काय होणार, हे कोणी विचारत नव्हते. विचारले ते काही महिलांनी. कोणी रोज तेथे फिरायला येणारी, कोणी वनस्पतींची अभ्यासक. त्यांच्यापाशी निधी नव्हता, पद नव्हते. त्यांनी माहितीच्या अधिकारात कागद मागवले, आराखडे वाचले, एकेका झाडाची नोंद केली. ब्रह्मदेशातून आलेला, लालचुटूक फुलांचे झुंबर लोंबवणारा उर्वशीचा वृक्ष कोठे आहे, आफ्रिकेची गोरखचिंच कोठे, कैलासपती कोठे, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवू लागल्या. ‘सेव्ह राणीबाग बोटॅनिकल फाउंडेशन’ ही संस्था त्यातून आकाराला आली. वारसा समितीपुढे आणि केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणापुढे अर्ज-विनंत्या झाल्या. मूळ योजना अडली आणि तिला कात्री लावावी लागली. बागेच्या दीडशे वर्षांवर एक देखणे पुस्तकही या मंडळींच्या खटाटोपातून निघाले.

सगळ्याच लढाया त्यांनी जिंकल्या असे नाही. पुढे टप्प्याटप्प्याने बांधकामे झालीच, पेंग्विनही आले. पण त्यांच्या कामाचे मोल केवळ विरोधात मोजणे योग्य नव्हे. झाडाचे नाव ठाऊक असलेला माणूस बागेत दर आठवड्याला हजर राहणे, हीच एक पहारेदारी असते. पगारी माळ्याची बदली होते, कंत्राटदाराची मुदत संपते. हौसेने येणारी व्यक्ती वीस वर्षे येत राहते.

इंग्लंडमध्ये या प्रकारच्या कामाला सव्वाशे वर्षांहून अधिक परंपरा आहे. १८९५ मध्ये ऑक्टाव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्सली यांनी नॅशनल ट्रस्ट स्थापन केला. संस्थेने विकत घेतलेले पहिले घर म्हणजे आल्फ्रिस्टन या खेड्यातील धर्मगुरूंचे चौदाव्या शतकातील गवती छपराचे निवासस्थान. १८९६ मध्ये त्याची किंमत पडली १० पौंड; दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट लागले. घर घेणे स्वस्त आणि ठेवणे महाग, हा धडा त्यांना पहिल्याच व्यवहारात मिळाला. १९०७ च्या कायद्याने संस्थेला आपली मालमत्ता अविक्रेय जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. पुढे तर असे धोरण ठरले की कोणी हवेली फुकट देऊ केली तरी सोबत पुरेसा निधी असल्याशिवाय ती सहसा घ्यायची नाही. तो निधी किती असावा याचे गणित ‘चोर्ली सूत्र’ म्हणून ओळखले जाते. एवढे करूनही त्या घरांची दारे रोज उघडतात ती स्वयंसेवकांमुळे. कोणी दालनात बसून माहिती सांगतो, कोणी गुलाबाची छाटणी करतो, कोणी चहाच्या टपालाचा हिशेब पाहतो. बहुतेक निवृत्त माणसे.

आता आगाशीतील एका कल्पित घराचे गणित मांडू या. कौले, रंग, वाळवीचा उपचार, बावखलाची साफसफाई, माळी, वीज आणि विमा मिळून वर्षाचा खर्च ४ लाख रुपये धरला. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते असे समजले, तर ५७ लाखांची ठेव पुरेल, असे कोणीही चटकन सांगेल. येथेच बहुतेक न्यास फसतात. महागाईने दर वर्षी खर्च वाढतो आणि ठेव जागच्या जागी राहते; वीस वर्षांत ते व्याज अर्ध्या खर्चालाही पुरत नाही. म्हणून ७ पैकी ४ टक्के पुन्हा मुद्दलात टाकावे लागतात आणि खर्चाला उरतात ३. त्या हिशेबाने ठेव लागते सुमारे १ कोटी ३३ लाखांची. वारसांच्या बैठकीत हा आकडा आला की बोलणे थांबते आणि बिल्डरचा विषय निघतो.

परंतु त्या ४ लाखांत निम्मा खर्च मजुरीचा आणि देखरेखीचा असेल, आणि ते काम गावातल्या व कुटुंबातल्या माणसांनी वाटून घेतले, तर ठेव लागते ६७ लाखांची. म्हणजे आठवड्यातून एक सकाळ देणारी आठ-दहा माणसे मिळून ६६ लाखांच्या भांडवलाचे काम करतात. न्यासाच्या ताळेबंदात ही रक्कम कोठेही दिसत नाही. लेखापरीक्षक तिची नोंद घेत नाही, प्राप्तिकरात तिला सवलत नाही. व्यापारी घराण्यांनी तिला आजवर भांडवल मानलेले नाही, याचे कारण कदाचित एवढेच की ती वहीत लिहिता येत नाही.

लिहिता मात्र येते. कोण कधी आले, किती तास थांबले, काय केले, याची रोजवही ठेवायला काही खर्च नाही. नव्याने देणगी मागताना तीच वही सर्वांत बोलका पुरावा ठरते.

कायद्याची बाजूही पाहून ठेवावी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. कलम ३६ तेच सांगते. इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तरी परवानगी लागते. वारसांपैकी काहींना ही अट जाचक वाटते. घराच्या दृष्टीने पाहिले तर तेच त्याचे कुंपण आहे. देणगी देताना ती मूळ निधीसाठी असल्याचे लेखी नमूद करावे, नाहीतर ती चालू उत्पन्नात धरली जाऊन त्याच वर्षीच्या खर्चात विरघळते. आणि एक गोष्ट या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही, तरी बैठकीत कोणीतरी सुचवतेच म्हणून लिहावी लागते: मंदिराच्या भांडारातील देवद्रव्य अशा घराकडे वळवता येत नाही. घराचा न्यास वेगळा, खाते वेगळे, विश्वस्तही शक्यतो वेगळे.

स्वयंसेवी कामातही खाचखळगे असतात. पहिल्या वर्षी तीस माणसे येतात, तिसऱ्या वर्षी सात उरतात, आणि त्या सातांत एक अशी निघते जिला दुसऱ्याने कुंडी हलवलेली चालत नाही. किल्ल्या तिच्याच पदराला. तिच्यानंतर कोण, हे विचारणे अशिष्ट समजले जाते, आणि मग एका आजारपणात वीस वर्षांचे काम बंद पडते. इंग्लंडातील मंडळेही या दुखण्यातून सुटलेली नाहीत. म्हणून नियम लहान असावेत पण असावेत. दर तीन वर्षांनी काम बदलणे, दोन व्यक्तींकडे किल्ली असणे, आणि पंचविशीतल्या एका तरी मुला-मुलीला समितीत केवळ शोभेसाठी नव्हे, तर सहीच्या अधिकारासह बसवणे.

वसई पट्ट्यात श्रमदान नवे नाही. अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली, तशी काही गावकऱ्यांनी स्वतः उतरून उपसलीही. कमरेएवढ्या चिखलात उभे राहून जलपर्णी ओढणाऱ्यांत शिक्षक होते, रेल्वेत नोकरी करणारे होते, महाविद्यालयातील मुले होती. मेमध्ये उपसलेल्या बावखलात जूनच्या शेवटी पाणी चढते, आणि आजूबाजूच्या विहिरींचा खारेपणा कमी होतो, हे वाडीवाल्यांना सांगावे लागत नाही.

आगाशीतील ज्या घरांवर अजून सर्व वारसांच्या सह्या झालेल्या नाहीत, तेथे या दिवाळीतही कुटुंबे ओटीवर जमतील. राजेळीचे घड उतरलेले असतील. शेजारचे काका आता ऐंशीच्या पुढे आहेत; निघताना किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हे त्यांना यंदा विचारावे लागणार आहे.