डिस्चार्ज कार्ड नेमकं कुणासाठी?

रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले एक-दोन आठवडे नाजूक असतात. या दिवसांत रुग्णाकडे लक्ष असतं ते घराजवळच्या फॅमिली डॉक्टरचं. आणि रुग्णालयात काय झालं, हे नेमकं त्यालाच कुणी कळवलेलं नसतं.

जेसल पार्कचंच घ्या. खाडीकाठच्या या भागातला रुग्ण गंभीर झाला की रूळ ओलांडून पश्चिमेला टेंभ्याच्या भीमसेन जोशी रुग्णालयात जातो, नाहीतर बोरिवली, परळ किंवा मुंबई सेंट्रल गाठतो. बरा होऊन परततो तो गाळ्यातल्या नेहमीच्या दवाखान्यात. दोन डॉक्टरांमधला दुवा एकच, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं डिस्चार्ज कार्ड.

त्या कार्डावर तपासण्यांचे आकडे भरपूर असतात. कोणतं जुनं औषध बंद केलं आणि का, हे बहुधा नसतं. घरी रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन एका नावाने चालू असतं. रुग्णालयातून तेच दुसऱ्या नावाने मिळतं. रुग्ण इमानेइतबारे दोन्ही घेतो. मग पाय सुजतात, चक्कर येते, बाथरूममध्ये पडणं होतं. हृदय कमजोर असलेल्याला रॅमिप्रिलसोबत स्पायरोनोलॅक्टोन सुरू केलं, तर आठवड्याभरात पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला हवं. कार्डावर मात्र ‘एक महिन्याने ओपीडीत दाखवणे’. मध्येच गुडघा दुखला म्हणून डायक्लोफिनॅक घेतलं, की मूत्रपिंडावर आणखी ताण.

उलट दिशेलाही हेच. दवाखान्यातून येणाऱ्या चिठ्ठीवर ‘प्लीज डू द नीडफुल’ एवढंच! कोणतं इंजेक्शन दिलं, स्टिरॉइड दिलं का, हे आम्ही नातेवाइकांना विचारायचं. त्यांना आठवते ती फक्त गोळीचा रंग.

ब्रिटनमध्ये डिस्चार्जचा सारांश २४ तासांत रुग्णाच्या जीपीकडे जावा, असा नियम आहे. आपल्याकडे २०२१ पासून आभा क्रमांक आला. पण १४ आकडी क्रमांक असून भागत नाही. रुग्णालयाने कागद त्यात चढवला पाहिजे आणि गाळ्यातल्या डॉक्टरने तो उघडला पाहिजे. तोवर कार्डाच्या वरच्या भागात ‘तुमच्या डॉक्टरांसाठी’ अशी चौकट हवी: नवीन औषधं, बंद केलेली औषधं, कोणती तपासणी कधी, आणि वॉर्डातला असा फोन नंबर जो कुणीतरी उचलेल. औषधांची जेनेरिक नावं सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावीत, हे वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ पासूनच आहे.

दुपारच्या गर्दीत दहा-दहा कार्डं लिहिणाऱ्या निवासी डॉक्टरला वेळ कुठे, असं माझे सहकारी म्हणतात. खरं आहे. पण तोच रुग्ण पंधरवड्यात पुन्हा दाखल झाला, की त्याच डॉक्टरचे कितीतरी तास जातात.

चौकट येईल तेव्हा येईल. दाखल होताना घरच्या औषधांच्या पट्ट्या सोबत आणा. सुटी घेताना ‘यातलं काय बंद?’ असं विचारून कार्डावर लिहून घ्या आणि दोन-तीन दिवसांत नव्या-जुन्या सगळ्या औषधांसह ती पिशवी फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर रिकामी करा.